अकरा पक्के

सहा बदाम बोलून बसले.
निंबर्गीकर वकिलांनी किलवरचा राजा उतरला
आणि गुरुपादप्पांनी आपली तेरा पानं
चार रांगांत मांडली,
गिऱ्हाइकापुढे सुताच्या लडी मांडतात तशी.
मग चष्मा काढून पुसत बसले.
डमीला आता काम नाही.

साखर पेठ, मे महिना, दुपारचे साडेतीन.
खाली सुताचं दुकान, भिंतीपलीकडे आठ माग,
आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली.
पंखा दोन फेऱ्या उधारीवर फिरला.
माग थांबले.
इतकी शांतता, की सत्यनारायण गुर्रम
तोंडातली सुपारी कुठल्या दाढेखाली फोडतोय तेही कळावं.

"खेळा बाई," वकील म्हणाले.
थांबा जरा.

माझा बाप मिलमध्ये वार्पिंगला होता.
म्हणायचा, धोटा सुटला की अक्कल चालत नाही,
नुसता हात चालतो.
तुटणारा दोरा ताण्यातच दिसतो,
बघणारा पाहिजे.
आकडे मी त्याच्याकडून शिकले, त्याच्या भाषेत,
अजूनही हिशेब आला की जीभ तिकडेच वळते:
बदामाचे आरु.
इस्पिकचे एक्का-राजा, एनिमिदि.
चौकटचे एक्का-राजा, पदि.
किलवरचा एक्का, पदकोंडु.
अकरा.
बोललेय बारा.

किलवरची छक्की जाणार, ती गेल्यातच जमा.
अडलंय चौकटीपाशी.
माझ्याकडे राजा, दश्शी, चव्वी,
समोर एक्का, गुलाम, तिर्री, दुर्री,
आणि राणी या दोघांतल्या एकाच्या मुठीत.

हेमलता कटारे होती माझी जोडीदारीण, बदली होईपर्यंत.
ती चेहरे वाचायची.
राणी असली, म्हणायची, की माणूस पानं छातीशी धरतो.
वकिलांनी धरलीयत.
पण ते दुर्रीसुद्धा तशीच धरतात.
आणि गुर्रम तर पानांनीच वारा घेतोय.

म्हणजे राणी शोधायचीच नाही.

आधी हुकूम ओढायचे, बाहेर तीनच आहेत.
मग इस्पिकचा राजा, इस्पिकचा एक्का,
तिसरं इस्पिक समोरून आणून हातात मारायचं.
दोन्हीकडचं इस्पिक संपलं. झाडून घेतलं अंगण.
मग ती छक्की.
जी जाणारच होती, ती आपल्या वेळेला द्यायची,
आपण होऊन, हसून:
घ्या, हा हात तुमचा.

ज्यानं घेतला त्याला पुढचं पान काढावंच लागतं.
चौकट काढली तर राणी आयती माझ्या तोंडी.
दुसरं काहीही काढलं
तर समोर हुकूम मारते आणि हातातली चव्वी फेकते.

ठरलं. एक्का घातला.
त्यानंतरची नऊ-दहा मिनिटं खरं तर हातांचीच होती.
छक्की किलवरच्या राणीनं मारून
वकील थांबले.
आता त्यांची पाळी होती थांबायची.
रुमालानं मान पुसली. गुर्रमकडे बघितलं. छताकडे बघितलं.
लाईट आली, माग खडखडले,
आणि त्या आवाजाआडून त्यांनी इस्पिकची नव्वी
हळूच खाली ठेवली,
हप्ता चुकलेला माणूस पावती ठेवतो तशी.

"बाकीचे माझे," म्हणून मी पानं उलगडली.
गुरुपादप्पांनी चष्मा लावला,
"बराय," म्हणाले,
आणि शेंगाचटणीचा डबा माझ्याकडे सरकवला.
गुर्रमनं सगळी पानं गोळा करून पिसायला घेतली.
राणी त्यात मिसळून गेली.

जिन्यात गुरुपादप्पांनी विचारलं,
कुणाकडे होती हो?
म्हटलं, गरज पडली नाही.

पण रात्री, भाकरी थापता थापता,
पीठ लागलेला हात परातीवरच थांबला.
वकिलांकडेच असणार.
नाहीतर इतका वेळ छताकडे कशाला बघतील?
की नव्हती,
म्हणूनच बघत होते?
तव्यावरची करपली.